हंड्यासाठी योग्य एलिमेंट कसे निवडावे

पाणी उकळण्याची विद्या मानवजातीने अग्नीचा शोध लागल्यावर लगेचच, म्हणजे कोणतीही समिती न नेमता, आत्मसात केली. घाईत उरकलेल्या कामाचे जे होते तेच या कामाचेही झाले. हजारो वर्षे लोक पाणी उकळत आले आहेत, पण आपण ते योग्य साधनाने उकळतो आहोत की नाही, याची लेखी खात्री आजवर एकालाही देता आलेली नाही. ही उणीव भरून काढण्याचे काम अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या आमच्या नॉर्डाल गावात, माझ्या घराच्या तळघरात, फेब्रुवारीमध्ये सुरू झाले. ते अजून चालू आहे.

मी, आर्व्हिड टोलेफसन, एकतीस वर्षे काउंटीच्या वजनमापे खात्यात होतो. दुकानातले एक पौंड लोणी खरोखर एक पौंड भरते की नाही, हे बघणे माझे काम. (भरते. एकतीस वर्षांत फक्त दोनदा कमी भरले, आणि त्यातल्या एकदा दोष माझ्या तराजूचा निघाला.) असा माणूस निवृत्त झाला की तो घरात मोजण्यासारखे काहीतरी शोधू लागतो. माझ्या बाबतीत ते बिअर होते. आमच्याकडे घरी बिअर करणे म्हणजे तुमच्याकडे घरी लोणचे घालण्यासारखे आहे. फरक इतकाच की लोणचे घालणाऱ्या बायका त्याबद्दल तासन्‌तास बोलत नाहीत.

फेब्रुवारीत माझी नात मारेन घरी आली. बोटात अंगठी, बुटांवर बर्फ.

"आजोबा, ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी लग्न आहे," ती म्हणाली. "बिअर तुझी. ती काळी. आईच्या लग्नात होती ती."

"त्यात काय एवढं," मी म्हणालो.

"एकशेवीस माणसं आहेत."

"असू देत."

"रीडचे बाबा म्हणत होते, दुकानातून हलक्या बिअरचे चारशे डबे आणतो म्हणून." रीड म्हणजे नवरा मुलगा. तो शेजारच्या इलिनॉय राज्यातला, पण वागायला चांगला आहे. "मी त्यांना नको म्हणून सांगितलंय. म्हटलं, माझे आजोबा करणार आहेत. सगळ्यांसमोर सांगितलंय." मग तिने बुटांवरचा बर्फ झटकला. "बाहुल्यांच्या घरासारखं नाही ना होणार?"

याचा खुलासा करणे भाग आहे. मारेन सहा वर्षांची असताना मी तिला बाहुल्यांचे घर करून देण्याचे कबूल केले होते. ते पूर्ण झाले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि दुसऱ्या गावी शिकत होती. (घर मात्र उत्तम झाले. त्याला खरे कौलारू छप्पर होते आणि गटाराचा उतार नियमाप्रमाणे होता.)

"छे," मी म्हणालो. "सात महिने आहेत."

काळ्या बिअरचा हिशेब सोपा आहे. बार्लीच्या माल्टचा गोड काढा करायचा, त्यात हॉपची कडवट फुले घालून तो तासभर खळखळा उकळायचा, गार करायचा, यीस्ट घालायचे. एक दिवसाचे काम. पुढे मात्र तिला थंडीत आठ आठवडे गप्प बसू द्यावे लागते. म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या आत हंडा उकळला पाहिजे. माझ्याकडे एक हंडा होता आणि तो उकळायला सहा महिने होते. इतिहासात एवढी सवड कोणत्याही हंड्याला मिळालेली नसावी.

मारेनच्या आईच्या लग्नातली बिअर मी अंगणात, गॅसच्या शेगडीवर केली होती. त्या शेगडीने माझा मित्र एल्रॉय पँक्रॅट्झ याची डावी भुवई नेली, ती परत आली नाही. आता जमाना विजेचा आहे. सुधारलेला माणूस हंड्याला खालून भोक पाडतो, त्यात विजेचे एलिमेंट, म्हणजे गीझरमध्ये असते तशी तापणारी सळई, बसवतो आणि तळघरात, उबेत, सपाता घालून बिअर करतो. आगीची भीती नाही, धूर नाही. फक्त एलिमेंट कोणते घ्यायचे, एवढेच ठरवायचे असते.

त्यासाठी समिती नेमली. सदस्य तीन. मी, एल्रॉय, ज्याने चाळीस वर्षे शाळेची बस चालवली आणि एकदाही रस्ता बदलला नाही, आणि गावचा वायरमन ड्युएन शेफर. पहिली बैठक तळघरात झाली. माझी बायको व्हर्ना हिने लिंबाच्या वड्या केल्या होत्या. मी अध्यक्षपदावरून विषय मांडला.

"साडेपाच हजार वॉटचं घे," ड्युएन कोट न काढताच म्हणाला. "दोनशे चाळीस व्होल्ट, दुमडलेलं, सगळं स्टीलचं. भोक पाडू, बसवू, करंट गळला तर तोडणारा ब्रेकर लावू. शनिवारी येतो मी. जेवायच्या आत होईल."

एल्रॉयने वडी खाली ठेवली.

"हा एक विचार झाला," एल्रॉय म्हणाला.

इथे आमच्या भागातली एक रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडे कोणी कोणाला नाही म्हणत नाही, आणि कोणाचे काही चुकले तर ते त्याच्या तोंडावर सांगत नाही. वाईटाला आम्ही वाईट म्हणत नाही, 'वेगळं आहे' म्हणतो. माझ्या सासूबाई हे शब्द आयुष्यात तीनदाच बोलल्या. एकदा चक्रीवादळाने गोठा नेला तेव्हा, आणि दोनदा माझ्याबद्दल.

त्यामुळे ड्युएनला कोणी काही बोलले नाही. फक्त इतिवृत्तात नोंद झाली की सन्माननीय सदस्य चर्चेपूर्वीच मत बनवून आले असून ते इतर एलिमेंटांवर अन्याय करणारे आहे. सबब त्यांना आभारपूर्वक मोकळे करण्यात येत आहे. ड्युएनने आणखी दोन वड्या घेतल्या आणि तो गेला. अशा रीतीने समितीतला विजेचे ज्ञान असलेला एकमेव सदस्य दूर झाल्याने कामकाज निःपक्षपाती झाले.

आता मुद्द्याकडे वळू. एलिमेंट निवडताना पहिला प्रश्न शक्तीचा. दीड हजार वॉटचे एलिमेंट साध्या प्लगवर चालते, पण त्यावर पंधरा गॅलनचा हंडा उकळायला ठेवला तर तो मुळात उकळतच नाही, नुसता नाराज होतो. साडेचार हजारांचे बरे. साडेपाच हजारांचे त्याहून बरे. मग सहा का नको? सहा म्हटले की साडेसहा का नको? विचारी माणूस इथे थांबत नाही.

दुसरा प्रश्न घनतेचा, म्हणजे एलिमेंटच्या दर इंचाला किती उष्णता सुटते याचा. जास्त सुटली तर काढ्यातली साखर करपते आणि बिअरला जळक्या टायरची चव येते. कमी सुटावी म्हणून एलिमेंट लांब करावे लागते. मी पूर्ण निर्धोक एलिमेंटचा हिशेब केला, तेव्हा ते एकशे चौदा फूट लांब निघाले. ते हंड्यातून काढून, खिडकीतून बाहेर नेऊन, एल्रॉयच्या घराला वळसा घालून परत आणावे लागले असते. (एल्रॉयची हरकत नव्हती.) याशिवाय आकार सरळ की दुमडलेला की नागमोडी, बूड जस्ताचे की स्टीलचे, आटे पितळेचे की आणखी कशाचे, हे प्रश्न होतेच. प्रत्येकाला पोटप्रश्न होते आणि काही पोटप्रश्नांना मुलेबाळे झाली.

माहिती गोळा करण्यासाठी मी संगणकावरची एक चर्चा वाचून काढली. घरी बिअर करणारे जगभरचे लोक तिथे एलिमेंटांविषयी अकरा वर्षे बोलत होते. पाने चारशे बारा. मी पेन्सिल घेऊन बसलो आणि गोषवारा काढला. एकूण संदेश सहा हजार एकशे तीस. त्यांपैकी दोन हजार नऊशे लोकांचे म्हणणे, मी घेतलेले एलिमेंट सर्वोत्तम आहे. चौदाशे लोक मुळात वीज वापरत नव्हते, पण त्यांना राहवले नव्हते. सातशे संदेश कुत्र्यांविषयी होते, ते तिथे कसे आले कळले नाही. आणि एका माणसाने, पान दोनशे छप्पन्नवर, विचारले होते, 'बिअर कशी झाली?' त्याला कोणी उत्तर दिले नव्हते.

पुस्तकी माहितीवर विसंबू नये म्हणून आम्ही प्रत्यक्ष चाचणीही घेतली. गावाबाहेरचे तळे अजून गोठलेले होते. बर्फावर एल्रॉयची मासे धरायची खोपटी होती, तिच्यात जनरेटर होता, आणि बर्फाला पाडलेल्या भोकाखाली हवे तेवढे पाणी होते. दुकानातून सात एलिमेंटे परत करण्याच्या बोलीवर आणली आणि एकेक करून भोकातून खाली सोडली. निष्कर्ष असे: पहिल्या चार एलिमेंटांनी तळ्यावर काहीही परिणाम झाला नाही. पाचव्याने भोक मोठे झाले. सहाव्याने ते एल्रॉयच्या खुर्चीपर्यंत आले. सातवे उत्तम चालले. खोपटी पूर्वेला कलली, आणि तीन मासे अर्धवट शिजून वर आले. आम्ही ते खाल्ले. मीठ कमी होते.

सातही एलिमेंटे उत्तीर्ण करण्यात आली. नापास कोणाला करणार? दुकानदार ओळखीचा होता.

हीच खरी अडचण होती. नवे नाव सुचवायला आमच्याकडे कोणालाही आडकाठी नव्हती, आणि आलेले नाव खोडायला कोणाची जीभ रेटत नव्हती. यादी मार्चअखेर अकरावर गेली, एप्रिलमध्ये एकोणीसवर, आणि मे महिन्यात सदतीसवर. त्यातली दोन एलिमेंटे बंद पडलेल्या कारखान्याची होती. त्यांना सहानुभूतीचे गुण देण्यात आले.

या काळात घरातही एक छोटा प्रश्न उभा राहिला. दोनशे चाळीस व्होल्टचा प्लग आमच्याकडच्या घरांत तळघरात एकच असतो, आणि त्यावर कपडे वाळवायचे यंत्र चालते. मी ते काढून ठेवले.

"आर्व्हिड, मी कपडे वाळवू कुठे?" व्हर्नाने जिन्यातून विचारले. बाहेर उणे अकरा होते.

"तो प्लग आता हंड्यासाठी राखून ठेवलाय."

"हंड्याला एलिमेंट आहे?"

"नाही. यायचंय."

"मग ते येईपर्यंत मी वापरते की."

"सवयीचा प्रश्न आहे, व्हर्ना. एकदा दिला की परत मागताना जड जातं."

तिने टोपली कमरेवर घेतली.

"वेगळंच आहे हे," ती म्हणाली, आणि कपडे घेऊन अंगणात गेली.

मार्चमध्ये विस्कॉन्सिनच्या अंगणात वाळत घातलेली पँट वाळत नाही, ताठ होते. माझी पँट दोरीवरून निसटून बर्फात उभी राहिली ती तीन दिवस तशीच होती. शेजारच्या बाई येता-जाता तिला 'काय, बरं आहे ना?' म्हणून विचारत. तिसऱ्या दिवशी त्या व्हर्नाला म्हणाल्या, "तुझा नवरा अलीकडे जरा शांत झालाय. छान वाटतं."

जूनमध्ये मारेनचा फोन आला. "आजोबा, कुठवर आलं?"

"अंतिम टप्प्यात आहे."

"म्हणजे उकळलंस?"

"म्हणजे गुणपत्रकं छापून आलीत."

मग ती म्हणाली, "रीडच्या बाबांनी परत विचारलं डब्यांचं. मी परत नाही म्हटलंय." मी म्हणालो, शाबास. फोन ठेवल्यावर मी गुणपत्रके पुन्हा एकदा मोजली.

गुणपत्रकांत सदतीस एलिमेंटांना दहापैकी आठ आणि सव्वाआठ यांच्या दरम्यान गुण पडले. शेवटी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, सखोल विचारांती, समितीने एकमताने निवड केली: साडेपाच हजार वॉटचे, दोनशे चाळीस व्होल्टचे, दुमडलेले, सगळे स्टीलचे. ड्युएनने पाच महिन्यांपूर्वी हेच नाव घेतले होते. पण त्याने ते विचार न करता घेतले होते, हा मूलभूत फरक आहे.

जुलैच्या तिसऱ्या शनिवारी उद्घाटन ठरले. अजून वेळ होता. तळघरात अकरा माणसे जमली: मी, एल्रॉय, ड्युएन, व्हर्ना, मारेन, रीड, आमच्या चर्चचे पास्टर, आणि गावातल्या बिअर करणाऱ्यांच्या मंडळातली आणखी चार. हंडा घासून लख्ख केला होता. त्याला निळी फीत होती. उद्घाटनाची कार्यपद्धती एकोणीस कलमांची होती. तिच्यातली विजेची कलमे मी लिहिली होती आणि पाण्याची एल्रॉयने. दोन्ही एकत्र करताना अध्यक्षांची कलमे आधी घ्यायची, असा संकेत आहे. त्यामुळे वीज सुरू करणे हे कलम चौथे आले, आणि हंड्यात पाणी भरणे हे कलम नववे.

पास्टरनी प्रार्थना म्हटली. मी फीत कापली. कलम तीन वाचले, कलम चार वाचले, आणि बटण दाबले.

सगळे हंड्यात वाकून बघत होते. एलिमेंट आधी करडे होते, मग लालसर झाले, मग सुंदर केशरी.

"रंग छान आला," एल्रॉय म्हणाला.

"छानच," पास्टर म्हणाले.

ड्युएनने तोंड उघडले, माझ्याकडे पाहिले, मिटले आणि छताकडे बघू लागला. मी कलम पाच वाचत होतो. मग अंडे तव्यावर फुटावे तसा आवाज झाला, तळघरातला दिवा गेला, आणि वास आला.

अंधारात पास्टर म्हणाले, "याहून वाईटही झालं असतं." आमच्याकडे याला सांत्वन म्हणतात.

पाण्याशिवाय पेटवलेले एलिमेंट काही सेकंदांत जळते, हे चारशे बारा पानांपैकी निदान साठ पानांवर लिहिलेले आहे. मी नंतर चौकशी केली. उपस्थित अकरांपैकी नऊ जणांना हंडा रिकामा दिसला होता. त्यांपैकी चौघांना वाटले, घरमालकाला चारचौघांत कसे सांगायचे. तिघांना वाटले, दुसरा कोणी सांगेल. पास्टरना वाटले, पाणी कलम पाचमध्ये येईल. ड्युएनला वाटले ते त्याने नंतर मला एकट्याला सांगितले.

"तू एवढा खूश दिसत होतास," तो म्हणाला. "म्हटलं, एलिमेंट काय, तीस डॉलरचं आहे."

उरलेल्या दोघांपैकी एकाला वाटले की नव्या पद्धतीत पाणी लागत नसावे. तो रीड, इलिनॉयचा. दुसरा मी.

दिवा आल्यावर मारेन माझ्याशेजारी उभी होती. ती हंड्याकडे बघत नव्हती. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

"अजून दोन आठवडे आहेत ना, आजोबा?" ती म्हणाली.

"भरपूर," मी म्हणालो.

तिने माझ्या हातातली कात्री काढून घेतली, कापलेली फीत नीट गुंडाळली आणि माझ्या खिशात घातली. रागावली असती तर बरे झाले असते.

त्याच संध्याकाळी सरळ दुसरे तसलेच एलिमेंट आणून बसवता आले असते, असे एखादा म्हणेल. हा विचार उतावळा आहे. एलिमेंट जळाले याचा अर्थ निवड पुरेशी सखोल नव्हती. समितीने अहवालात स्पष्ट म्हटले की दोष हंड्याच्या रिकामेपणाचा नसून, रिकामेपणा सहन करू न शकणाऱ्या एलिमेंटचा आहे. नवा निकष आला, यादी नव्याने उघडली. तळघरात अजून वास होता म्हणून बैठका मंगळवारी आणि गुरुवारी एल्रॉयच्या घरी होऊ लागल्या. जुलैअखेर यादी बेचाळीसवर होती. ऑगस्टच्या सात तारखेचे इतिवृत्त माझ्यासमोर आहे. त्यात एक ओळ अशी: 'ऑगस्टचा पहिला आठवडा येऊन गेला. समितीने नोंद घेतली.'

ती ओळ लिहून मी घरी आलो, तर व्हर्ना स्वयंपाकघर पुसत होती. दोन्ही खिडक्या उघड्या होत्या, विजेच्या चुलीजवळ टोमॅटो बाटलीबंद करायचे तिचे मोठे पातेले पालथे होते. घरभर गोडसर वास होता. ऑगस्टमध्ये आमच्याकडे घराघरांत काहीतरी शिजत असते.

"लोणचं?" मी विचारले.

"तुझं काय झालं?" ती म्हणाली.

"शेहेचाळीस."

"वा," ती म्हणाली, आणि पुसत राहिली.

सप्टेंबर आला. आता कोणतेही एलिमेंट निवडले असते तरी उपयोग नव्हता. हे मला एल्रॉयच्या आधी कळले, आणि मी त्याला सांगितले नाही, कारण तो मन लावून तक्ता रंगवत होता. मारेनला फोन करायला मी नऊदा उठलो. आठ वेळा ठेवून दिला. नवव्या वेळी तिने उचलला, तेव्हा मी तिला विचारले की तिकडे हवा कशी आहे. ती म्हणाली, चांगली आहे. मी म्हणालो, इकडेही.

जे बोलता येत नाही ते माणूस लिहितो. मी 'विलंबाची कारणमीमांसा' लिहिली. शेहेचाळीस पाने, चार परिशिष्टे. पहिले वाक्य मी अकरा वेळा बदलले. ते असे होते: 'प्रिय मारेन, मी तुला कबूल केलेले पुन्हा एकदा केले नाही.' त्यापुढची पंचेचाळीस पाने मला फारशी आवडत नव्हती, पण ती लिहिल्याशिवाय पहिले पान एकटे पडत होते.

लग्न लागले. जेवण गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये होते. मी कोटाच्या आत अहवाल घेऊन दारातून शिरलो तो आधी डब्यांची चळत शोधू लागलो. रीडचे वडील हसतमुख माणूस आहेत. चारशे डबे हसतमुखाने आणले असते त्यांनी. चळत कुठे दिसली नाही. कोपऱ्यात पांढरी चादर घातलेले एक डुगडुगते टेबल होते, त्यावर पाच पिंपे होती, आणि टाय लावलेला ड्युएन शेफर पहिल्या पिंपाची तोटी सोडत होता. पेल्यात काळी बिअर उतरली. वर तपकिरी फेस.

मी प्यालो. मी वजनमापे खात्यातला माणूस आहे, मापात खोटे बोलत नाही. मी आजवर केलेल्या प्रत्येक बिअरपेक्षा ती चांगली होती.

व्हर्ना शेजारी येऊन उभी राहिली.

"कुठे केलीस?" मी विचारले.

"चुलीवर. टोमॅटोच्या पातेल्यात. मारेन यायची मंगळवारी आणि गुरुवारी. पाच वेळा केली. ड्युएनच्या गॅरेजमधल्या फ्रिजात ठेवली."

"चुलीला कोणतं एलिमेंट आहे?"

"काय?"

"किती वॉटचं?"

"मला काय माहीत," व्हर्ना म्हणाली. "लाल होतं. मग उकळतं."

मी पेल्यात बघितले. "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही दोघं एवढे रमला होतात. मधे बोलणं बरं दिसेना."

आमच्या रीतीबद्दल मला आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी वेगळे वाटले.

तेवढ्यात इलिनॉयहून रीडचे आजोबा आले. हातात रिकामा पेला, मिशीला फेस. त्यांनी माझा हात धरला. "तुम्हीच ना? नवरी मुलगी सारखी सांगत होती, माझे आजोबा करणार म्हणून. वा. मीही करतो थोडी घरी. एक विचारू? कोणतं एलिमेंट वापरता?"

मारेन पांढऱ्या पोशाखात दोन पावलांवर उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मी 'साडेपाच हजार' म्हणालो असतो तर तिथे मला खोटे पाडणारे कोणी नव्हते. आमच्याकडे ते करत नाहीत.

"अजून ठरायचंय," मी म्हणालो. "ही बिअर माझ्या बायकोची आणि नातीची आहे."

त्यांना हा विनय वाटला. त्यांनी माझा हात आणखी जोरात हलवला आणि ते पुन्हा पिंपाकडे गेले.

"आजोबा, कोटात काय आहे?" मारेनने विचारले.

"अहवाल. तुझ्यासाठी."

तिने तो घेतला. उभ्या उभ्या पहिले वाक्य वाचले, आणि एकदा पुन्हा वाचले. पुढचे पान उलटले नाही. पहिले पान तिने फाडून, घडी करून, पोशाखाच्या बाहीत सरकवले. मग वाकून बाकीची पंचेचाळीस पाने पिंपांच्या टेबलाच्या तोकड्या पायाखाली घातली. टेबल हलायचे थांबले. तुम्हाला सांगतो, एका कागदाचाही फरक नव्हता.

समितीचे काम चालूच आहे. यादी त्रेसष्टवर गेली आहे.

आता काही वाचक एवढे सगळे ऐकूनही मनात म्हणत असतील की ते ठीक आहे, पण शेवटी घ्यावे कोणते? साडेचार की साडेपाच? दुमडलेले की नागमोडी? त्यांना मी ओळखतो. हा प्रश्न ज्याला इथवर येऊन पडतो, त्याने घरात कोणाला तरी काहीतरी नक्की कबूल केलेले असते, आणि तो सध्या त्याची पूर्वतयारी म्हणून वाचत बसलेला असतो. अशांनी जरा उठून स्वयंपाकघरात डोकावून यावे. चुलीवर काही चढलेले दिसले तर झाकण उचलू नये. काही सुचवू तर मुळीच नये.